खासदार सभागृहात काय करतो? गैरसमज आणि वस्तुस्थिती

मध्य प्रदेशातल्या तिगावच्या मतदाराचे दोन प्रतिनिधी दोन सभागृहांत बसतात. पांढुर्ण्याचा आमदार भोपाळला, छिंदवाड्याचा खासदार दिल्लीला. लोकसभेतले प्रश्न, उत्तरे आणि भाषणे संसदेच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट वाचता येतात. ती वाचायलाच हवीत, पण नीट.

गैरसमज: ज्याचे प्रश्न जास्त, तोच कामाचा.

वस्तुस्थिती: मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरे देतात. शेजारच्या नागपूरचे खासदार नितीन गडकरी २०१४ पासून केंद्रात मंत्री आहेत. त्यांच्या नावापुढे प्रश्नांचा रकाना कोराच असणार. आयर्लंडमध्येही तेच. वडिलांकडून मालवणजवळच्या वराड गावचे असलेले लिओ वराडकर २००७ मध्ये डब्लिन पश्चिममधून डॉइलवर, म्हणजे तिथल्या लोकसभेवर, निवडून आले. विरोधी बाकांवर असताना ते प्रश्न विचारत. २०११ मध्ये मंत्री आणि २०१७ मध्ये पंतप्रधान झाल्यावर उत्तरे देण्याची पाळी त्यांची होती.

गैरसमज: हजेरी चांगली म्हणजे काम चांगले.

वस्तुस्थिती: हजेरीवरून सदस्य त्या दिवशी आला, एवढेच कळते. तो बोलला की गप्प बसला, हे भाषणांच्या नोंदीत शोधावे लागते. मंत्र्यांना तर हजेरी लावावीच लागत नाही.

गैरसमज: प्रत्येक विधेयकावर आपल्या खासदाराने कसे मत दिले, ते कळते.

वस्तुस्थिती: लोकसभेत बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने मंजूर होतात, तेव्हा कुणाचेच नाव लागत नाही. सदस्यांनी मतविभागणी मागितली, तर मतांची नोंद राहते. डॉइलमध्ये मतविभागणी नेहमीची असल्याने तिथल्या मतदाराला हे बरेच सोपे जाते.

गैरसमज: खासदार निधीचे वर्षाला ५ कोटी खासदाराच्या हातात पडतात.

वस्तुस्थिती: खासदार फक्त कामाची शिफारस करतो. मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाची.

गैरसमज: प्रश्न विचारला की काम झाले.

वस्तुस्थिती: इथे मात्र प्रश्न योग्य सभागृहात विचारला का ते पाहावे आणि उत्तरही उघडून पाहावे. तिगाव स्टेशन नागपूर–इटारसी मार्गावर आहे. रेल्वे केंद्राची, म्हणून गाडीच्या थांब्याचा प्रश्न लोकसभेत हवा; ऑक्टोबर २०२३ मध्ये झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यातल्या कार्यालयांचा विधानसभेत. लोकसभेत तारांकित, म्हणजे तोंडी उत्तर मागणाऱ्या, प्रश्नांची दिवसाची यादी २० ची असते. त्यातले मोजकेच तोंडी उत्तरापर्यंत पोहोचतात, बाकीच्यांना लेखी उत्तर मिळते. हिंदी उत्तरात ‘प्रश्न नहीं उठता’ असे असेल, तर विषय तिथेच थांबला. मंत्र्याने आश्वासन दिले असेल, तर ते साधारण तीन महिन्यांत पुरे करायचे असते आणि त्यावर शासकीय आश्वासन समितीची नजर असते. प्रश्नाची तारीख टिपून ठेवावी आणि तीन महिन्यांनी खासदाराच्या कार्यालयात त्या आश्वासनाचे काय झाले, असे विचारावे. तो मतदाराचा हक्कच आहे.