परसातल्या भाजीला नत्र : आधी गोठ्याकडे बघा



उसासाठी आणलेली युरियाची गोणी फोडली की त्यातला ओंजळभर परसातल्या वांगी-मिरचीला जातो, हे घरोघरचे चित्र आहे. माझ्याही घरी तेच होते. एकदा मी मेथीच्या वाफ्यात मुठीने युरिया फेकला, पाणी द्यायचे राहून गेले आणि दोन दिवसांत वाफा होरपळला. घरी जे ऐकून घ्यावे लागले ते इथे छापण्याजोगे नाही! तेव्हापासून गोणी परसात नेत नाही.

मग नत्र आणायचे कुठून? हिशेब असा. युरियात नत्र शेकडा ४६, भुईमुगाच्या पेंडीत साधारण ७, निंबोळी पेंडीत ५, शेणखतात मात्र जेमतेम अर्धा टक्का. गुंठाभर भाजीला १ किलो नत्र धरले तर युरिया सव्वादोन किलो पुरतो, निंबोळी पेंड २० किलो लागते आणि शेणखत २०० किलो. कुणी म्हणेल, शेणखतात दमच नाही. पण खोट शेणात नाही, आपल्या गोठ्यात आहे. जनावर जेवढे नत्र बाहेर टाकते त्यातले निम्म्याच्या आसपास मूत्रात असते, आणि मूत्र आपण नालीला सोडतो. पहाटे गोठ्यात शिरताच नाकाला झोंबतो तो वास म्हणजे उडून चाललेले नत्रच. मूत्रातही युरियाच असतो. त्याचा अमोनिया होऊन हवेत जातो.

गाईच्या १० लिटर मूत्रात सुमारे १०० ग्रॅम नत्र, म्हणजे दोनशे ग्रॅमहून थोड्या जास्त युरियाइतके. ते झाकणाच्या डब्यात धरावे. तांब्याभर मूत्रात दहा तांबे पाणी मिसळून संध्याकाळी ओल्या मातीत, खोडापासून वीतभर लांब ओतावे. पानांवर नको. कोथिंबीर, मुळा असे कच्चे खायचे असेल तिथे तर नकोच.

धरणे जमत नसेल तर उसाचे पाचट कुट्टी करून जनावरांखाली पसरा. ते मूत्र पिते. भिजले की शेणाबरोबर खड्ड्यात टाका. कोरडे पाचट मात्र भाजीच्या मातीत गाडू नका. कुजवणारे जिवाणू मातीतलेच नत्र ओढून घेतात आणि रोपे पिवळी पडतात. कारखान्याचा ताजा प्रेसमडही तापतो, मुळे भाजतो. तो कुजवूनच वापरावा.

भुईमुगाची पेंड मातीत घालणे मला पटत नाही. म्हशीला घाला, दूध मिळेल आणि बरेचसे नत्र गोठ्यात परत येईल. बांधावर गिरिपुष्प असेल तर त्याचा कोवळा पालाही चांगला.

एवढे करूनही पालेभाजी फिकी दिसली, तर चिमूटभर युरिया झारीभर पाण्यात विरघळवून द्यायला हरकत नाही. त्यात कमीपणा कसला?

आमच्या गोठ्यात आता नालीच्या तोंडाशी जुना डबा पुरला आहे. झाकण तेवढे घट्ट लागते, नाहीतर घरातून पुन्हा ऐकावे लागते.