ताशी दराचं विद्यापीठ

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या ‘एनआयआरएफ’ची क्रमवारी जाहीर झाली आणि पुण्याच्या शैक्षणिक वर्तुळात काही दिवस दुसरा विषय नव्हता. सर्वसाधारण गटात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ ३७व्या क्रमांकावरून थेट ९१व्या क्रमांकावर घसरलं होतं. आदल्या वर्षीपर्यंत याच क्रमवारीचे फलक लावणाऱ्यांना आता तिच्या निकषांत दोष दिसू लागले. संपादकांचा निरोप मोजका होता : आकड्यांवर सगळेच लिहिताहेत, तुम्ही आत जाऊन विद्यापीठ चालतं कसं ते बघा.

अधिकृत इतिहास लवकर उरकतो. गणेशखिंडीतला हा ४११ एकरांचा परिसर म्हणजे मुंबईच्या गव्हर्नरचं पावसाळ्यातलं निवासस्थान. मनोऱ्याची मुख्य इमारत १८७१च्या सुमारास पुरी झाली. २२ जून १८९७च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा सोहळा आटोपून इथूनच प्लेग अधिकारी रँड निघाला आणि गणेशखिंड रस्त्यावर चापेकरांनी त्याला गोळी घातली. स्वातंत्र्यानंतर ही वास्तू विद्यापीठाला मिळाली. १९४९मध्ये १८ महाविद्यालयं घेऊन पुणे विद्यापीठाचा कारभार सुरू झाला. पहिले कुलगुरू बॅ. मुकुंदराव जयकर. पुढे कोल्हापूर आणि जळगावला स्वतंत्र विद्यापीठं झाली आणि पुण्याकडे पुणे, नगर, नाशिक एवढे जिल्हे उरले. २०१४मध्ये सावित्रीबाईंचं नाव मिळालं. याच आवारात जयंत नारळीकरांनी उभी केलेली ‘आयुका’ आहे, रेडिओ खगोलशास्त्राचं केंद्र आहे आणि ज्या ‘सी-डॅक’ने ‘परम’ महासंगणक घडवला तीही शेजारीच आहे. माहितीपुस्तिकेत या सगळ्याची छायाचित्रं असतात.

माहितीपुस्तिकेत सहसा नसतं ते जयकर ग्रंथालयात दिसलं. परत आलेल्या पुस्तकांचा गठ्ठा घेऊन एक विद्यार्थी रॅकमधून फिरत होता. पुस्तकाच्या पाठीवरचा क्रमांक बघायचा, जागा शोधायची, बाजूची पुस्तकं सरकवून ते आत बसवायचं. हात सराईत होता. मध्येच तो थांबायचा आणि भलत्याच विषयाच्या रांगेत घुसवलेलं एखादं पुस्तक बाहेर काढायचा. परीक्षेच्या दिवसांत काही वाचक हवं ते पुस्तक दुसऱ्याला सापडू नये म्हणून असं लपवतात, आणि ते हुडकण्यात याला कामाइतकीच गंमत वाटत होती. नगर जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातून आलेला, राज्यशास्त्रात एम.ए. करणारा हा मुलगा ‘कमवा व शिका’वर होता. तास भरला की वहीत सही करायची, महिन्याअखेर तासांची बेरीज, त्याप्रमाणे पैसे.

योजनेचं पूर्ण नाव ‘कर्मवीर भाऊराव पाटील कमवा व शिका योजना’. विद्यापीठाचं विद्यार्थी विकास मंडळ ती चालवतं. भाऊरावांनी १९१९मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, १९२४मध्ये साताऱ्यात वसतिगृह उभारलं आणि तिथे सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवलं. ही मुलं शेतात राबत, स्वयंपाक करत आणि शिकत. कोणी उपकार केले म्हणून शिकलो असं मुलाला वाटू नये, हा त्यामागचा विचार. त्याच विचाराचा ताशी दरातला अवतार आज गणेशखिंडीत चालू आहे. कोणी बागेत तण काढतं, कोणी रोपवाटिकेत पिशव्या भरतं, कोणी विभागाच्या कार्यालयात फायलींना क्रमांक घालतं. सकाळचे दोन-तीन तास काम आणि मग वर्ग. मिळणाऱ्या पैशांत फी भागत नाही, पण जेवणाचा बराचसा खर्च निघतो. घरी फोन करून पैसे मागायची वेळ महिन्यातून एकदा तरी टळते, असं त्या मुलाचं म्हणणं.

हा मुलगा इथवर पोचला कसा, तेही सांगायला हवं. पदव्युत्तर विभागांचे प्रवेश ऑनलाइन परीक्षेने होतात. गावातल्या नेट कॅफेत अर्ज भरायचा, केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची, गुणवत्ता यादीची वाट बघायची. यादीत नाव लागलं की खरी धावपळ सुरू होते : जातवैधता, नॉन-क्रीमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, मध्ये वर्ष गेलं असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र. तहसील कचेरीतला एक शिक्का उशिरा पडला तर जागा पुढच्याला जाते. त्यानंतर वसतिगृहाची यादी. तीत नाव नसेल तर मित्राच्या खोलीत जमिनीवर गादी टाकायची. अशा बिननोंदीच्या रहिवाशाला मुलं ‘पॅरासाइट’ म्हणतात आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही, कारण यंदाचा यजमान बहुधा गेल्या वर्षीचा पॅरासाइटच असतो.

जेवणासाठी ‘रिफेक्टरी’, चहासाठी ‘अनिकेत’. जेवण हा इथे गंभीर विषय आहे. एप्रिल २०१९मध्ये भोजनगृहाच्या नियमांवरून विद्यार्थी आणि सुरक्षारक्षकांत वाद पेटला आणि प्रकरण पोलिसांत गेलं. ज्याचं महिन्याचं गणित एका थाळीने बिघडतं, त्याच्यासाठी थाळीचा नियम हा प्रशासकीय तपशील नसतो. ‘जयकर’चे वाचनकक्ष रात्री उशिरापर्यंत भरलेले असतात. तिथे निम्म्या टेबलांवर राज्यसेवेची पुस्तकं दिसतात, हे प्राध्यापक खेदाने सांगतात. मला त्यात खेदापेक्षा हिशेब जास्त दिसला. वाचणाऱ्या मुलांनी विद्यापीठातल्या नोकरीची शक्यता जोखली आहे आणि दुसरा दरवाजा ठोठावायला घेतला आहे.

ग्रंथालयातल्या मुलाला मात्र पीएच.डी. करायची होती, आणि विद्यापीठाच्या दुखण्याशी गाठ पडते ती इथेच. यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार एका वेळी प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच संशोधक विद्यार्थी घेता येतात. मार्गदर्शक कायमस्वरूपी अध्यापक असावा लागतो. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी अवधी राहिला की नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणजे प्राध्यापक निवृत्त होतो त्याच्या तीन वर्षं आधीच त्याच्याकडचा दरवाजा बंद होतो. जागा भरली नाही तर तो बंदच राहतो. कंत्राटी अध्यापक नेमून वर्ग चालवता येतात, पण संशोधक घडवता येत नाहीत.

विद्यापीठातल्या मंजूर अध्यापकपदांपैकी निम्म्याहून अधिक रिकामी आहेत. डिसेंबर २०२३मध्ये १११ पदांची जाहिरात निघाली : ३२ प्राध्यापक, ३२ सहयोगी प्राध्यापक, ४७ सहायक प्राध्यापक. अर्ज आले, मग भरती अडली. २०२५ची क्रमवारी लागली तेव्हाही ती पूर्ण झालेली नव्हती. वरच्या नियमाने गुणाकार करून पाहा. ३२ गुणिले ८, ३२ गुणिले ६, ४७ गुणिले ४. बेरीज ६३६. त्या एका जाहिरातीत जास्तीत जास्त इतक्या संशोधकांची सोय होती. विद्यार्थी-अध्यापक प्रमाण आणि संशोधन हे क्रमवारीचे वजनदार निकष आहेत. ९१ हा आकडा कुठून आला, यासाठी वेगळी समिती कशाला हवी?

मार्गदर्शक मिळालाच तर प्रश्न उरतो पोटाचा. ‘नेट’मध्ये जेआरएफ मिळालेल्यांना २०२३पासून महिन्याला ३७ हजार रुपये मिळतात. बाकीच्यांची भिस्त बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांवर. तिथल्या अधिछात्रवृत्तीसाठी मुलांनी गेल्या काही वर्षांत किती वेळा उपोषणं केली याची मोजदाद अवघड आहे. डिसेंबर २०२३मध्ये नागपूरच्या अधिवेशनात हा विषय निघाला, तेव्हा पीएच.डी. करून ही मुलं काय दिवे लावणार, असा प्रश्न खुद्द उपमुख्यमंत्र्यांनी केला. त्यावर गदारोळ झाला. पण पदं रिकामी ठेवणारं सरकार तोच प्रश्न रोज कागदोपत्री विचारत असतं, त्यावर गदारोळ होत नाही.

यातली विसंगती अशी की महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सहायक प्राध्यापकपदाची पात्रता ठरवणारी ‘सेट’ परीक्षा हेच विद्यापीठ घेतं. १५ जून २०२५ला तिची चाळिसावी फेरी झाली. परीक्षा देणाऱ्यांपैकी साधारण सहा टक्के पात्र ठरवायचे, असा नियम आहे. दर खेपेला हजारो जण चाळणीतून खाली उतरतात, हातात विद्यापीठाच्या शिक्क्याचं प्रमाणपत्र घेतात आणि कायम नोकरीच्या जाहिरातीची वाट बघतात. तोवर करायचं काय? सीएचबी, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवणं.

संलग्न महाविद्यालयांत पदवीच्या वर्गासाठी तासाला ९०० आणि पदव्युत्तर वर्गासाठी १००० रुपये, हे दर शासनाने अलीकडे वाढवून दिलेले. यूजीसीने पाहुण्या अध्यापकांसाठी तासाला १५०० रुपयांची शिफारस २०१९मध्येच केली होती. कायम सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये. ९०० रुपये दराने तेवढे मिळवायला महिन्याला सुमारे ६४ तास शिकवावं लागेल. कायम सहायक प्राध्यापकाचा अध्यापनाचा भार आठवड्याला १६ तास, म्हणजे चार आठवड्यांचे बरोबर ६४. तेव्हा काम तेवढंच धरलं तरी सीएचबीवाल्याला महागाई भत्ता नाही, रजा नाही, सुट्टीतला पगार नाही, निवृत्तिवेतनाचा प्रश्नच नाही. प्रत्यक्षात पूर्ण कार्यभार त्याला मिळतही नाही. मग एका महाविद्यालयात सकाळचे दोन तास, दुसऱ्यात दुपारचे, मध्ये दुचाकीवर तीस किलोमीटर, असं चालतं. शोधनिबंध कधी लिहायचा?

कर्मवीरांच्या योजनेत तास हा मुलाला उभं करण्यासाठी होता. शिकताना काही वर्षं राबायचं, मग ताठ मानेने नोकरीला लागायचं. आता राबण्याला शेवट राहिलेला नाही. विसाव्या वर्षी ग्रंथालयात तासाने पुस्तकं लावणारा मुलगा एम.ए. होतो, सेट होतो, पीएच.डी. होतो आणि चाळिशीकडे झुकताना तासानेच वर्ग घेतो. दर तेवढा वाढलेला असतो. पूर्वी ही वही शिकणाऱ्याची होती, आता ती शिकवणाऱ्याचीही झाली आहे.

विद्यापीठाबद्दल माझ्या मनात आदर वाढला, तो अशाच माणसांमुळे. रिकाम्या खुर्च्या भोवती असूनही विभागांत कंत्राटी अध्यापक प्रयोगशाळा उघडतात, प्रश्नपत्रिका काढतात, मुलांचे अर्ज तपासून देतात. तालुक्याच्या गावातून आलेली मुलगी याच आवारात पहिल्यांदा संदर्भ ग्रंथ हाताळते आणि दोन वर्षांत आपल्या प्राध्यापकाशी वाद घालू लागते. हे कोणत्याही क्रमवारीत मोजलं जात नाही. पण यंत्र चालतं आहे म्हणून त्याला सुट्या भागांची गरज नाही, असा निष्कर्ष मंत्रालयाने काढला असेल तर तो चुकीचा आहे. ६३६ जागांचं संशोधन एका अडलेल्या फायलीत पडून राहिलं, आणि त्याचा जाब विद्यापीठालाच नव्हे, राज्य सरकारलाही द्यावा लागेल.

पुढच्या जूनमध्ये तुमच्या घरातलं कोणी प्रवेशाचा अर्ज भरत असेल तर क्रमवारीचा आकडा बाजूला ठेवा. ज्या विभागात जायचं त्याच्या कार्यालयात एकच प्रश्न विचारा : इथे कायम अध्यापक किती आहेत? उत्तर द्यायला त्यांना वेळ लागला तर तोच प्रश्न तुमच्या आमदारालाही विचारा.