पावसाचं दहावं वाहन

आधी एक गणित. आर्ट्सवाल्यांनी पान उलटू नये, सोपं आहे. सूर्य ज्या दिवशी नव्या नक्षत्रात जातो, त्या दिवशी चंद्र कुठल्या नक्षत्रात आहे ते बघायचं. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं आणि येईल त्या आकड्याला 9 ने भागायचं. बाकी 1 उरली तर घोडा. 2 उरली तर कोल्हा, 3 बेडूक, 4 मेंढा, 5 मोर, 6 उंदीर, 7 म्हैस आणि 8 गाढव. बाकी शून्य म्हणजे हत्ती. झालं! पुढच्या तेरा-चौदा दिवसांच्या पावसाचं वाहन तुम्हाला मिळालं. बेडूक, म्हैस, हत्ती असेल तर पाऊस भरपूर. मोर, गाढव, उंदीर असेल तर मध्यम. कोल्हा किंवा मेंढा आला की ओढ. घोडा आला तर डोंगरावर पडणार, आपल्याला टाटा.

माझी आजी धाराशिव जिल्ह्यातल्या एका खेड्यात मामाकडे असते. तिला हा भागाकार येत नाही, पण उत्तरं सगळी पाठ असतात. पंचांग घरात आलं की पावसाच्या नक्षत्रांपुढे कुठला प्राणी छापलाय हे ती आधी वाचून घेते. मग वर्षभर फोनवर पहिलं वाक्य ठरलेलं: "औंदा मृगाला उंदीर हाय बघ पोरी." मी पुण्यात मास कम्युनिकेशन शिकते, हॉस्टेलच्या गॅलरीत उभी राहून मोबाईलवर रडारचे हिरवे-पिवळे ढग बघते आणि 'हूं' म्हणते. आजीशी वाद घालायचा नसतो. तिचा उंदीर माझ्या इंटरनेट पॅकपेक्षा जास्त दिवस चालतो.

एक प्रश्न मात्र डोक्यात राहतोच. वाहन अख्ख्या महाराष्ट्राला एकच. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, माणदेशात पाचशेच्या आसपास. दोन्हीकडे एकच उंदीर कसा पुरणार? उत्तर सोपं आहे, कुठे ना कुठे तो खरा ठरतोच. जिथे खरा ठरला तिथले लोक लक्षात ठेवतात, बाकीचे विसरतात. तो खोटा ठरला तरी कुणी पंचांग परत करायला दुकानात जात नाही.

अशा श्रद्धा आपल्याकडे भरपूर आहेत आणि खरं सांगायचं तर त्या बातमी म्हणून फार चालतात. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला शेतात घट मांडतात. भोवती धान्यं, मधे खड्डा, त्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर पाण्याची घागर. दुसऱ्या दिवशी पहाटे ढेकूळ किती भिजलं ते बघून भाकीत. सोबत राजा गादीवर राहणार की जाणार तेही. चॅनेलवाले कॅमेरे घेऊन हजर. भोपाळचा किस्सा तर याहून भारी. 2019 च्या जुलैत तिथे पाऊस यावा म्हणून बेडकांचं लग्न लावलं. सप्टेंबरपर्यंत इतका पाऊस झाला, की तो थांबावा म्हणून त्याच जोडप्याचा रीतसर घटस्फोट करण्यात आला. पोटगीचं काय झालं, कळलं नाही.

हसून झालं? आता आपल्याकडे वळू.

गेल्या वर्षी, 2025 मध्ये, मान्सून 24 मेला केरळात आणि 26 मेला मुंबईत पोचला. मुंबईची नेहमीची तारीख 11 जून. त्याआधी तिथे सगळ्यात लवकर तो आला होता 29 मेला. कुलाब्याच्या वेधशाळेत त्या मे महिन्यात इतका पाऊस मोजला गेला, की 1918 सालचा 279.4 मिलिमीटरचा विक्रम मोडला. आंबे खायच्या दिवसांत आम्ही छत्र्या शोधत होतो. आमच्या क्लासच्या ग्रुपवर सकाळी सात वाजल्यापासून एकच वाक्य फिरत होतं: "क्लायमेट चेंज, भावा!" ट्रेक रद्द झाला, क्लायमेट चेंज. जीन्स वाळेना, क्लायमेट चेंज. सबमिशनच्या दिवशी एकाचा लॅपटॉप बंद पडला, त्याचंही कारण तेच. डिसेंबरात थंडी कमी पडली की तेच आणि जास्त पडली तरी तेच.

मला तेव्हा आजीचं पंचांग आठवलं. काहीही झालं तरी लागू पडणारं, कधीच खोटं न ठरणारं कारण. पावसाला नऊ वाहनं होती. दहावं आमच्या ग्रुपने दिलं.

गैरसमज नको. हवामान बदल खरा आहे. 2024 हे औद्योगिकीकरणापूर्वीच्या सरासरीपेक्षा दीड अंशाहून जास्त तापलेलं पहिलं कॅलेंडर वर्ष ठरलं. मुद्दा वेगळा आहे. एखादी खरी गोष्टसुद्धा आपण श्रद्धेसारखी वापरू शकतो. म्हणजे तपासायची नाही, फक्त म्हणायची.

मान्सून लवकर आला हेच बघा. केरळात तो सगळ्यात लवकर आल्याची नोंद आहे 11 मेची, साल 1918. आणि सगळ्यात उशिरा 18 जूनला, साल 1972. तेव्हाही तारखा इकडे तिकडे होतच होत्या. म्हणून एका वर्षी पाऊस सोळा दिवस आधी आला, एवढ्यावरून हवामान बदल सिद्ध होत नाही. गंमत म्हणजे 1918 आणि 1972 ही दोन्ही वर्षं मोठ्या दुष्काळाची. 2009 मध्येही मान्सून 23 मेला हजर झाला होता आणि त्या वर्षीही देशात दुष्काळ पडला. पाऊस लवकर आला म्हणजे चांगला पडणार, हीसुद्धा एक श्रद्धाच निघाली.

मग शास्त्रज्ञ नेमकं काय म्हणतात? हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवायची क्षमता साधारण सात टक्क्यांनी वाढते. त्यामुळे पडताना पाऊस जोरात पडतो. पुण्यातल्या पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत, म्हणजे आयआयटीएममध्ये, रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1950 ते 2015 च्या नोंदी तपासल्या. मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भागावर एकाच वेळी अतिवृष्टी होण्याच्या घटना तिप्पट झाल्याचं त्यांना दिसलं. 2017 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. यात 'जीन्स वाळेना' कुठेच नाही. कुठला भाग, किती वर्षं, किती पट, हे सगळं लिहिलेलं आहे. उद्या कुणी नोंदी काढून म्हणू शकतो की तुमचा हिशेब चुकला. उंदराला असं कुणी म्हणू शकत नाही.

पुणेकरांना 'शिमला ऑफिस' हा शिवाजीनगरचा बसस्टॉप माहीत असतो. पुण्यात शिमला कुठून आलं, हा प्रश्न मला पहिल्या वर्षी पडला होता. 1928 मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून ते नाव. या खात्याचे एक प्रमुख होते गिल्बर्ट वॉकर. मूळचे गणिती, 1904 ते 1924 या काळात ते खात्याचे प्रमुख होते. मान्सूनचा अंदाज आधी सांगता यावा म्हणून त्यांनी जगभरातले हवेचे दाब, तापमान, पाऊस यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहिले. मान्सूनचा खात्रीचा अंदाज काही त्यांच्या हाती लागला नाही. पण त्या खटाटोपात प्रशांत महासागराच्या दोन टोकांच्या हवेच्या दाबांमधलं सी-सॉ सापडलं. आज बातम्यांत आपण 'एल निनो' ऐकतो, ते समजून घेण्यात या शोधाचा मोठा वाटा आहे. अंदाज चुकला तेव्हा तो कुठे चुकला हे लिहून ठेवलं, म्हणून पुढच्यांना काहीतरी मिळालं. आजही हवामान खात्याचा अंदाज चुकला की आपण मीम टाकतो. टाकावं. पण तो चुकला हे आपल्याला कळतं, कारण तो आधी आकड्यांत सांगितलेला असतो.

आता पुन्हा आजीकडे, कारण तिची बाजू अजून पूर्ण झालेली नाही. तिच्या पावसात दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे वाहन. दुसरी म्हणजे नावं. पुनर्वसूचा पाऊस तरणा आणि पुष्याचा म्हातारा. मघाचा सासूंचा, पूर्वाचा सुनांचा. हस्ताचा तो हत्तीचा. ही नावं भागाकारातून आलेली नाहीत. कुठल्या पंधरवड्यात पाऊस कसा वागतो, हे पिढ्यान् पिढ्या शेतात उभं राहून बघितलेल्या लोकांनी ती ठेवलीत. हवामान खातं अनेक वर्षांच्या नोंदींची सरासरी काढतं. आजीकडे तीच सरासरी नावांच्या रूपात आहे. कधी पेरायचं, कधी कोळपायचं, काढणी कधी उरकायची, हे मामा त्यावरूनच शिकला.

आणि हवामान बदलाने घाव घातला तो नेमका इथे. वाहनाचं काही बिघडलं नाही. ते कधी चुकतच नव्हतं, तर आता काय चुकणार? बिघडला तो अनुभव.

गेल्या मे महिन्यात मामाच्या रानात इतका पाऊस झाला, की मशागतीला वाफसाच मिळेना. कोरड्या मातीत चालायची ती पाळी चिखलात अडकली. पाऊस आलाय म्हणून गावातल्या काहींनी पेरायची घाई केली. पेरणीची घाई करू नका असं कृषी विभाग सांगत होता, कारण सोयाबीनला किमान 75 ते 100 मिलिमीटर पाऊस आणि पुरेशी ओल लागते, आणि पुढे पाऊस टिकायलाही हवा. मान्सून पुढे जवळपास दोन आठवडे रेंगाळलाच. मामा थांबला म्हणून त्याची दुबार पेरणी टळली. बियाण्याच्या बॅगा दोनदा घ्याव्या लागल्या तर काय होतं, हे त्या घरात सगळ्यांना माहितीय. मामेबहिणीची कॉलेजची फी त्याच पैशांतून जाते.

मग सप्टेंबर आला. महिन्याच्या शेवटच्या दिवसांत मराठवाड्यात आणि सोलापूरकडे जे झालं ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. सीना, मांजरा, तेरणा, सगळ्या नद्या पात्राबाहेर. मामाचं सोयाबीन काढणीला आलं होतं, ते पाण्याखाली गेलं. ओढ्याकडेच्या पट्टीतली माती खरडून गेली, खाली नुसता मुरूम दिसायला लागला. फोनवर आजी म्हणाली, "हत्तीचा पाऊस हाय, पडणारच." मागून मामाचा आवाज आला, "माय, हत्ती दरसाल येतो गं. पण घरात घुसत नव्हता."

या एका वाक्यापुढे माझ्या सगळ्या नोट्स फिक्या आहेत. हस्तात जोराचा पाऊस पडतो हे आजीचं म्हणणं बरोबर होतं. पण तिच्या आठवणीतल्या 'जोराचा'मध्ये हा पाऊस बसत नव्हता. त्या एका पुरात तापमानवाढीचा वाटा नेमका किती, हे स्वतंत्र अभ्यासाशिवाय सांगता येणार नाही. असे दिवस वाढलेत, एवढं नोंदी सांगतात.

म्हणूनच "क्लायमेट चेंज, काय करणार!" हे वाक्य मला हल्ली टोचतं. ते 'नशीब' या शब्दाच्या जागी बसायला लागलंय. ते म्हटलं की चर्चा संपते. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला, माणसं गेली. पाऊस प्रचंड होता हे खरं. पण ओढ्याची रुंदी ढगांनी कमी केलेली नव्हती. पाऊस किती वाढला हा एक प्रश्न. पाण्याची वाट कुणी अडवली हा दुसरा. आणि नुकसान झालेल्याच्या हातात किती आणि कधी पडणार हा तिसरा. दहाव्या वाहनावर सगळं लादलं की दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं द्यायला कुणी उरत नाही. ते ज्यांच्यावर बंधनकारक आहे, त्यांच्यासाठी याहून सोयीची श्रद्धा दुसरी नसेल.

मामाने पुरानंतर एक वस्तू आणली. प्लास्टिकचा पर्जन्यमापक, गोठ्याशेजारी मोकळ्या जागेत खांबाला ठोकलाय. सरकारी मोजणी दुसऱ्या गावात होते आणि पाऊस हल्ली शिवार बघून पडतो, असं त्याचं म्हणणं. रोज सकाळी साडेआठला आकडा वहीत. दिवाळीनंतर अवकाळी आला तेव्हा पहिली नोंद झाली, 14 मिलिमीटर. आजीने विचारलं, "नक्षत्र लिहिलंस का?" मामाने स्वाती लिहिलं. "आन् वाहन?" तेही लिहिलं. म्हाताऱ्या माणसाचं मन मोडू नये म्हणून लिहिलं असेल, पण वहीला आता तीन रकाने आहेत: नक्षत्र, वाहन, मिलिमीटर.

पंचांगाशेजारी कुणीतरी पहिल्यांदाच मोजलेला आकडा लिहितंय. चार-पाच पावसाळे गेले की ती वही मी मागून घेणार आहे. तोवर आजीचा फोन आला की 'हूं' म्हणायच्या आधी मी विचारते, "किती मिलिमीटर?"

ती चष्मा शोधते आणि वही आणायला जाते.