व्याख्यान ऐकताना भिंतींकडेही पाहा



वास्तुरचनेवरील व्याख्यानात वक्ता पडद्यावर दूरदूरच्या इमारतींची चित्रे दाखवतो. पण आपण ज्या इमारतीत बसलेलो असतो, तीही त्याच विषयाचा धडा असते. पणजीच्या कला अकादमीत व्याख्यान ऐकायला गेलात तर हा धडा चुकवू नका. २००८ साली सुरू झालेल्या डी. डी. कोसंबी विचारमहोत्सवाची व्याख्याने याच वास्तूत झाली आहेत.

कांपाल येथे मांडवीच्या काठी उभ्या असलेल्या या वास्तूचे शिल्पकार चार्ल्स कोरिया (१९३०–२०१५). साबरमती आश्रमातील गांधी संग्रहालय आणि भोपाळचे भारत भवन ही त्यांचीच कामे. कला अकादमीला घुमट नाही, कोरीव कमानी नाहीत. इमारत बुटकी आणि पसरट आहे. रस्त्याकडून आत शिरावे, सावलीतून चालत जावे आणि थेट बागेत, नदीपाशी निघावे. सजावट बाजूला ठेवून जागा, सावली, वारा आणि उजेड यांनाच बोलू द्यायचे, ही आधुनिक वास्तुशैलीची रीत येथे पावलोपावली दिसते.

मुख्य नाट्यगृहाला दीनानाथ मंगेशकरांचे नाव आहे. त्याच्या बाजूच्या भिंतींवर मारिओ मिरांडा यांच्या शैलीतले जुन्या नाट्यगृहाचे सज्जे आणि त्यांत बसलेले प्रेक्षक रंगवलेले आहेत. आपण पोचण्याआधीच कोणीतरी जागा धरून बसल्यासारखे वाटते!

आता कान द्या. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो. वक्त्याचा शब्द आपल्याकडे सरळ येतो, तसाच भिंतीवर आणि छतावर आपटूनही येतो. मागाहून येणारा आवाज सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत पोचला, तर तो मूळ शब्दाला बळ देतो. दहाव्या भागाहून अधिक उशीर झाला, तर प्रतिध्वनी वेगळा ऐकू येतो. सतरा मीटर दूरच्या भिंतीसमोर टाळी वाजवली, तर ती जाऊन परत यायला नेमका एवढाच वेळ लागतो. शिवाय आवाज सभागृहात फार वेळ घुमत राहिला, तर पुढचा शब्द मागच्या शब्दात बुडतो. गाण्याला थोडा घुमार शोभतो, भाषणाला तो कमी हवा. नाटक, तियात्र, गायन आणि व्याख्यान या सर्वांना एकच सभागृह द्यायचे, तर हा मेळ साधणे किती कठीण, हे लक्षात येईल.

हा मेळ नाजूकही असतो. नूतनीकरणासाठी २०२१ मध्ये कला अकादमी बंद झाली. काम चालू असताना जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचाचे छप्पर कोसळले. त्याच वर्षी नोव्हेंबरात वास्तू पुन्हा खुली झाली, तेव्हा अनेक कलाकारांनी ध्वनी आणि प्रकाशव्यवस्थेबद्दल तक्रारी केल्या. चांगली वास्तू बांधून काम संपत नाही. ती समजून घेऊन जपावी लागते.

पालक आणि विश्वस्तांसाठीही यात एक गोष्ट आहे. स्नेहसंमेलनात मागच्या रांगेतल्या मुलांना नाटकातील संवाद कळत नाहीत, तेव्हा आपण आणखी मोठा कर्णा आणतो. मग गोंगाट वाढतो, शब्द तसेच अस्पष्ट राहतात. गुळगुळीत भिंती, फरशी आणि पत्र्याचे छप्पर आवाज शोषत नाहीत, परत फेकतात. मागच्या भिंतीला जाड पडदे आणि छताखाली आवाज शोषणारे तक्ते लावले, तर त्याच कर्ण्यावर शब्द अधिक स्वच्छ ऐकू येतील. सभागृहाच्या दुरुस्तीचा खर्च ठरवताना याचा विचार व्हावा.

मुलांनो, एक प्रयोग करा. रिकाम्या वर्गात टाळी वाजवा. मग वर्ग भरल्यावर पुन्हा वाजवा. दोन टाळ्यांत काय फरक पडला आणि का, ते वहीत लिहून विज्ञानाच्या शिक्षकांना दाखवा. कला अकादमीत जाल तेव्हा मात्र टाळी व्याख्यान संपल्यावरच!