चाळीस टक्क्यांची रेघ आणि दारातली पायरी

अपंगत्व शरीरात असते की दारातल्या पायरीत? भारतीय कायद्याचे उत्तर आहे, दोन्हींच्या गाठीत. 'दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६' हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यानुसार दीर्घकालीन शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा ज्ञानेंद्रियांच्या उणिवेला बाहेरचे अडथळे भिडतात आणि माणूस इतरांच्या बरोबरीने समाजात वावरू शकत नाही, तेव्हा तो दिव्यांग ठरतो. १९९५च्या कायद्यात सात प्रकार होते. आता एकवीस आहेत. थॅलेसेमिया, सिकल सेल, ॲसिड हल्ल्याने आलेली विद्रूपताही त्यात आहे.

सरकारी नोकऱ्यांतले चार टक्के आणि सरकारी व अनुदानित उच्चशिक्षणातले पाच टक्के आरक्षण मात्र किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला असणाऱ्यांनाच मिळते. भेदभावापासूनचे संरक्षण या रेघेवर अवलंबून नाही, आणि हेच फार थोड्यांना ठाऊक असते. लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराला ४० टक्क्यांची अट लावून लेखनिक नाकारणे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये चुकीचे ठरवले. वाजवी सोय करून देणे ही मेहेरबानी नव्हे, तो हक्कच आहे.

पंधरा सेंटीमीटरच्या एका पायरीला १:१२ उताराचा रॅम्प करायचा, तर १.८ मीटर लांबी लागते. बऱ्याच ठिकाणी जेमतेम हातभर तिरपी फरशी टाकून काम उरकले जाते. त्यावरून चाकाची खुर्ची चढतच नाही. सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीवजा ठेवणारा नियम सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये अवैध ठरवला आणि बंधनकारक निकष आखण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला.