मेनू बदलतो, चौकोन तोच

वरोऱ्यात पावसाळ्यात वास्त्यांची (बांबूच्या कोंबांची) भाजी आज आहे, उद्या नाही. खानावळीच्या फळ्यावर मालक ओल्या फडक्याने एक ओळ पुसतो, खडूने दुसरी लिहितो, काम संपलं. वेबसाइटवर मात्र त्याच एका ओळीसाठी ती बनवणाऱ्या नागपूरच्या कारागिराला फोन लावावा लागतो. हे बदलायलाच हवं, आणि ते अवघड नाही.

युक्ती एवढीच, की पानाची सजावट वेगळी आणि पदार्थांची यादी वेगळी ठेवायची. यादी गूगल शीट्ससारख्या तक्त्यात असते: एका रकान्यात पदार्थ, दुसऱ्यात भाव, तिसऱ्यात ‘आहे’ किंवा ‘संपलं’. गिऱ्हाईक पान उघडतं तेव्हा पान तो तक्ता वाचून स्वतःला मांडतं. मालकाने मोबाइलवर ‘संपलं’ लिहिलं, की काही मिनिटांत भाजी पानावरून जाते.

टेबलावरचा क्यूआर कोडही बदलावा लागत नाही. 1994 साली जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा यांच्या चमूने क्यूआर कोड मोटारींचे सुटे भाग ओळखण्यासाठी बनवला. टेबलावरच्या कोडमध्ये मेनू नसतोच, फक्त पानाचा पत्ता असतो. कोड बनवताना चूक-दुरुस्तीची सर्वांत वरची पातळी निवडली, तर सुमारे 30 टक्के भाग खराब होऊनही तो वाचता येतो. त्यामुळे तर्रीचा थोडा डाग त्याला चालतो.