वाळवंटी पर्यटननगराचे ऋतुमान : पाम स्प्रिंग्ज

प्रस्तावना :
हवामानावर अवलंबून असलेली अर्थव्यवस्था म्हटले की प्रथम शेतीचा विचार केला जातो. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील पाम स्प्रिंग्ज या नगरात मात्र हवामान हेच पर्यटनाचे प्रमुख भांडवल आहे. प्रस्तुत लेखात या नगराच्या ऋतुमानाची कारणमीमांसा केली आहे.

शुष्कतेची कारणे :
नगराच्या पश्चिमेस ३,३०२ मीटर उंचीचे सॅन जॅसिन्टो शिखर आहे. हिवाळ्यात पॅसिफिक महासागरावरून येणारे बाष्पयुक्त वारे पश्चिम उतारावर पाऊस व हिम देतात. पूर्वेस उतरताना तीच हवा दाबली जाऊन उष्ण व कोरडी होते. परिणामी हा प्रदेश पर्जन्यछायेत येतो व वार्षिक पर्जन्यमान १५ सेंटिमीटरांहूनही कमी राहते.

ऋतुचक्र :
जानेवारीत दुपारचे तापमान सुमारे २१ अंश सेल्सिअस असते. पर्यटकांचा मुख्य हंगाम हिवाळा व वसंत ऋतू हाच होय. जुलैमध्ये कमाल तापमानाची सरासरी ४२ अंशांच्या आसपास जाते. ५ जुलै २०२४ रोजी येथे ५१.१ अंश या उच्चांकी तापमानाची नोंद झाली. तापलेल्या वाळवंटावर कमी दाब निर्माण होऊन समुद्राकडील थंड हवा सॅन गोर्गोनिओ खिंडीतून वेगाने आत येते. या वाऱ्यांमुळेच तेथे पवनचक्क्या उभ्या राहिल्या. जुलै ते सप्टेंबर या काळात कॅलिफोर्नियाच्या आखाताकडून आर्द्र हवा येते व क्वचित मेघगर्जनेसह पाऊस पडतो. २० ऑगस्ट २०२३ रोजी 'हिलरी' वादळाने वार्षिक सरासरीच्या निम्म्याहून अधिक पाऊस एकाच दिवसात दिला. त्यामुळे आलेल्या पुरात रस्ते बंद पडले.

सामाजिक परिणाम :
पर्यटक आपल्या सोयीने ऋतू निवडू शकतो. बागकाम, बांधकाम व खोऱ्यातील शेतीवर राबणाऱ्या कामगारांना ती मुभा नसते. कॅलिफोर्नियाने २००५ मध्ये उघड्यावरील कामगारांसाठी पाणी, सावली व विश्रांतीचे नियम लागू केले. २०२४ मध्ये बंदिस्त कार्यस्थळांसाठीही तसे नियम अमलात आले. पाण्याबाबतही अवलंबित्व आहेच. गोल्फ मैदाने, शेती व वस्ती यांसाठी उपसले जाणारे भूजल कोलोरॅडो नदीच्या आणलेल्या पाण्याने पुनर्भरित करावे लागते.

समारोप :
सुखद हिवाळा आणि असह्य उन्हाळा ही एकाच भूरचनेची फलिते आहेत. म्हणून अशा नगराचे नियोजन केवळ पर्यटन हंगामाचा विचार करून न करता, वर्षभर तेथे राहणाऱ्या व राबणाऱ्या लोकांना केंद्रस्थानी ठेवून होणे आवश्यक आहे.